येताना एक ड्रोन घेऊन ये!

अमेरिकेहून निघायची तिकिटं काढल्याचं कळलं की बडोद्याहून फर्माइशी सुरू होतात. यंदा दांडिया बाजारातल्या भाच्याला ड्रोन हवाय, फोटोग्राफीसाठी. मी नाही म्हटलं. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढाच अपवाद. झालं, घरच्या ग्रुपवर जुंपली. भाचा म्हणतो, ‘मामा, तुमच्याकडे सगळं मोकळं, जाच फक्त आम्हाला.’ थोरल्या वहिनी म्हणतात, ‘गच्च्यांत डोकावतात मेले, बंदच करा.’

अमेरिका मोकळी वगैरे काही नाही. अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन नोंदवायचा, हौशी माणसानेही ऑनलाइन परीक्षा द्यायची. नॅशनल पार्कात २०१४ पासून उडवायचंच नाही. सहा महिने कैद आणि पाच हजार डॉलर दंडापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. डिसेंबर २०२४ मध्ये तर आमच्या न्यू जर्सीत लोक आकाशातल्या प्रत्येक दिव्याला ड्रोन म्हणत होते. त्यातली बरीचशी साधी विमानं निघाली, तरी काही भागांत उड्डाणबंदी लागलीच.

उलट भारताचे २०२१ चे नियम हौशी माणसाला बरेच सैल आहेत. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवायला पायलटचं सर्टिफिकेट नको, हिरव्या झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशात हिरव्या दाखवलेल्या भागात, चारशे फुटांपर्यंत परवानगी नको. मेख आहे ती बडोद्याच्या नकाशात. हरणीचा विमानतळ भर शहरातल्या सुरसागर तलावापासून सरळ रेषेत पाचेक किलोमीटरवर, आणि विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. मांडवी, रावपुरा, लक्ष्मी विलास राजवाडा, सगळं त्यात आलं. तरी वरातीच्या डोक्यावर ड्रोन घोंघावतोच. तो फोटोग्राफर पैसे घेतो, म्हणजे ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या वरचा असेल तर त्याला सर्टिफिकेटही हवं. पण मांडवात कोण विचारतंय!

वहिनींची तक्रार खरी आहे. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं घर गच्चीवर उंधियो-जिलबी खात बसलेलं असताना वर कॅमेरा येऊन थांबला तर मलाही राग येईल. पण तेवढंच डोकावणं शेजारच्या टॉवरमधला लेन्सवालाही करतो. दोघांनाही पकडा, सरसकट बंदी कशाला? मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावामुळे गुजरात सरकारने समारंभांत ड्रोनला मनाई केली, तीही १५ तारखेपर्यंतच. कारण आणि मुदत दोन्ही सांगितल्या की लोक ऐकतात.

अमेरिकेतलं मला एकच तिकडे न्यावंसं वाटतं. विमानतळाजवळही फोनवरून विनंती टाकली की बहुतेक वेळा काही सेकंदांत उत्तर येतं: इतक्या फुटांपर्यंत हो, किंवा नाही. भाच्यालाही सुरसागरासाठी असंच, चहा उकळेपर्यंत उत्तर मिळायला हवं. ‘नाही’ आलं तर तो देशी ड्रोन घेऊन शहराबाहेर, नकाशा हिरवा आहे तिथे, शेतांचे फोटो काढेल.