जागा हलली, लाईन अडकली: धुळ्याच्या भाऊसाहेबांना उत्तर

भाऊसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली तशी ठेवली आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ऑफिस किंवा कारखाना हलवताना इंटरनेट लीज लाईनचा, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेल्या इंटरनेट जोडणीचा, करार मुदतीआधी कसा सोडवायचा, यावर मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, सही केली म्हणजे केली, लोकांना शब्द मोडायला शिकवू नका. कलमं वाचायला बरी वाटतात, पण धुळ्याचा माणूस दिल्लीला लवादापुढे जाणार आहे का? त्यापेक्षा बिल भरणं थांबवावं, कंपनी आपोआप लाईन तोडते.

शब्द पाळा म्हणता आणि दोन ओळींनंतर बिल थांबवा म्हणता! यातलं एक काहीतरी निवडा.

बिल थांबवलं की लाईन तुटते हे खरं, पण करार मोडणारे तुम्हीच ठरता, तेही लेखी. मग उरलेल्या मुदतीचं भाडं, व्याज, वकिलाची नोटीस, सगळं रांगेत येतं. त्याच खात्यावर माणसांचे पोस्टपेड मोबाईल असतील आणि त्यांचंही बिल थकलं, तर पोर्टिंगचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, कोडसुद्धा निघत नाही. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना दिलेले नंबर असे अडकवून घेऊ नका.

आता सहीचं. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या पत्रात ‘लाईन बंद करा’ असं लिहू नये, ‘नव्या पत्त्यावर हलवून द्या’ असं लिहावं. समजा जळगाव एमआयडीसीतला एक चटईवाला कारखाना पारोळ्याच्या बाजूला नेतोय. भाडं महिना १२,००० आणि लॉक-इनचे, म्हणजे करार सोडता न येणाऱ्या मुदतीचे, १४ महिने बाकी. बंद करा म्हटलं की १,६८,००० ची मागणी येते. हलवा म्हटलं की कंपनीला सर्व्हे करावा लागतो. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘तिथे फिजिबल नाही’, म्हणजे तिथे लाईन देता येत नाही. हे उत्तर फोनवर ऐकून सोडून द्यायचं नाही, ईमेलवर मागून घ्यायचं. त्याने करार आपोआप सुटत नाही. सेवा देता आली नाही तर कंपनी जबाबदार नाही, असं कलम बहुतेक छापील करारांत असतंच. पण गिऱ्हाईक राहायला तयार होतं आणि सेवा देता आली नाही ती कंपनीला, हे कागदावर येतं. पुढची सगळी घासाघीस त्या एका ईमेलवर चालते. यात शब्द कुठे मोडला?

कलमांवर तुम्ही चिडलात, म्हणून तेही सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२, याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडल्यास किती द्यायचे हे लिहिलेलं असलं, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सांगितलं. कंपनीचे वकील म्हणतील, हा दंड नाही, बाहेर पडायची ठरलेली किंमत आहे. म्हणू द्या. छतावरचा रेडिओ आणि राऊटर काढून ते दुसरीकडे लावणार, मग १४ महिन्यांचं पूर्ण भाडं हे नुकसान कसं, याचा हिशेब मागायचा. मात्र केबलसाठी खोदाई झाली असेल किंवा बसवणीचा खर्च माफ केला असेल, तर तो पैसा कंपनीचा खरोखर गेलेला आहे. तो आपणहून देऊ करावा. माझ्या मते बसवणीचा खर्च आणि वर दोन-तीन महिन्यांचं भाडं हा बोलणी सुरू करायला सभ्य आकडा आहे.

दिल्लीला कोणी जात नाही, मान्य. कलम ७४ पत्रात लिहायला आहे, आगगाडीत बसायला नाही. ते पत्र विक्रीच्या पोराला न पाठवता तक्रार म्हणून नोंदवा, डॉकेट नंबर घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. टेलिकॉम नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे अपील ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने धंदा करणाऱ्यालाच तिथे नीट उभं राहता येतं. प्रायव्हेट लिमिटेडला ‘व्यापारी हेतू’ म्हणून बहुधा परत पाठवतात. विक्रीचा पोरगा चहा पिता पिता म्हणाला होता ना, ‘शेठ, कधीपण बंद करा’? ते करारात नाही, म्हणजे कुठेच नाही.

तुमच्या पक्षकाराचं नंदुरबारहून सुरतला जायचं ठरलंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांचा ०२५६४ चा लँडलाईन नंबर सोबत जाणार नाही. मोबाईल नंबर जातील, कारण जुलै २०१५ पासून पोर्टिंगला राज्याची हद्द उरलेली नाही. पण कॉर्पोरेट योजनेचं बाहेर पडायचं कलम पाळलं नसेल तर कोड नाकारता येतो, आणि नंबर फर्मच्या नावावर असल्याने फर्मचं अधिकारपत्र लागतं. लॉक-इन सहीच्या तारखेपासून मोजलाय की लाईन चालू झाल्यापासून, आणि प्रत्येक लाईनचा वेगळा आहे का, एवढं करारात बघून कळवा. मग नेमका मजकूर सुचवतो.