मेळघाटात रानपिंगळा टिपण्यासाठी काही उपयुक्त सूचना

रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचा स्वतः काढलेला फोटो संग्रही नसणे हे हल्ली सुशिक्षित माणसाला शोभत नाही. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाही खात्रीलायकरीत्या दिसला नव्हता. पुढे ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्या मोहिमेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे होती, यावरून तिचे नियोजन किती तोकडे होते हे कोणाच्याही लक्षात येईल. तुम्ही तसे करू नका. मेळघाटात जायचे तर किमान पंधरा जणांचा चमू हवा, कारण पक्षी दिसल्यावर "कुठे? कुठे?" असे विचारायला आणि "तो बघा, तो!" असे ओरडून सांगायला पुरेशी माणसे नसतील तर सहलीला सहलीपण येत नाही.

काळ निवडावा तो फेब्रुवारी-मार्चचा. तेव्हा साग निष्पर्ण होऊ लागतो आणि दिवसाही हिंडणारे हे छोटे घुबड उघड्या फांदीवर बसलेले दिसू शकते. सागाची भली मोठी पाने याच दिवसांत जमिनीवर वाळून पडलेली असतात आणि पायाखाली पापडासारखी मोडतात. पंधरा जणांनी एका रांगेत चालायला सुरुवात केली की आपण आल्याची वर्दी आख्ख्या खोऱ्याला आपोआप मिळते. आपण येत आहोत हे समोरच्याला आधी कळवणे हा शिष्टाचारच आहे.

गाविलगडच्या डोंगरांत उतार तीव्र असतात, दगड सुटे असतात आणि नाल्याच्या काठाची माती ऐन वेळी पायाखालून सरकते. म्हणून सहाशे मिलिमीटरची लेन्स ट्रायपॉडवर चढवूनच खांद्यावर घ्यावी आणि ट्रायपॉडचे पाय उघडे ठेवावेत, म्हणजे मागून येणारा सदस्य आदराने चार हात दूर राहतो. तो तसा राहिला नाही तर तुमच्या पायाखालून निसटलेला दगड त्याला ते शिकवतो. वाटाड्या नाल्याला वळसा घालून जायला सांगेल. ते मनावर घेऊ नये. त्याचे सगळे आयुष्य याच डोंगरात गेले आहे, त्यामुळे त्याला सरळ रेषेचे महत्त्व कळत नाही.

रानपिंगळा पुष्कळदा जंगलाच्या कडेला, कोरकू शेतकऱ्यांची शेते जिथे रानाला टेकतात तिथे भेटतो. अशा वेळी धुऱ्यावरून चालण्यात कोन बिघडतो, तेव्हा थेट हरभऱ्यात उतरावे. कापणीला आलेल्या पिकात पोटावर झोपल्यास पार्श्वभूमी सुरेख धूसर येते आणि पक्षी येईपर्यंत हाताशी घाटेही असतात. शेताचा मालक येऊन नुसता उभा राहिला तर त्याला आपण निसर्गसंवर्धनासाठी आलो आहोत असे सांगावे. तो काही बोलत नाही. बहुधा पटत असावे.

आता मुख्य विद्येकडे वळू. पक्षी समोर येत नसेल तर मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावावा. रानपिंगळ्याला आपला इलाखा असतो आणि त्यात परका नर शिरला असे वाटताच तो सरडे-उंदीर धरायचे सोडून, प्रसंगी पिल्लांसाठी आणलेले भक्ष्य तसेच ठेवून, भांडायला धावत येतो. एकाच मोबाइलवर भागवण्याची कंजुषी मात्र करू नये. पंधरांपैकी निदान पाच जणांनी वेगवेगळ्या दिशांनी आवाज लावले की बिचाऱ्याला कोणाशी भांडावे हेच कळत नाही, तो या फांदीवरून त्या फांदीवर हेलपाटे घालत राहतो आणि प्रत्येकाला वेगळ्या बाजूची फ्रेम मिळते. चेहऱ्यावर जो त्वेष दिसतो त्याला समाजमाध्यमांवर 'अ‍ॅटिट्यूड' म्हणतात.

त्याच्या घरट्याची ढोली सापडली तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. आड येणाऱ्या डहाळ्या मोडून टाकाव्यात. त्या तिथे सावलीसाठी आणि शिक्रा-सापांच्या नजरेपासून आडोशासाठी असतात ही समजूत फोटोत दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना त्रास देण्याची गणना शिकारीतच केली आहे, असे चमूतला एखादा किरकिऱ्या म्हणेल. त्याला पुढच्या सहलीचे निमंत्रण देऊ नये. बंदुकीने मारणारे शिकारी निराळे. आपण तर सेकंदाला वीस फ्रेम झाडतो आणि त्यातल्या एकोणीस घरी जाऊन पुसूनही टाकतो.

कधी कधी इतके सगळे करूनही रानपिंगळा मिळत नाही आणि गावाजवळच्या चिंचेवरचा साधा पिंगळा तेवढा मिळतो. हताश होऊ नये. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो आणि त्याची छातीही गडद, सलग तपकिरी असते. पण ठिपके काढायला संगणक आहेच. याला परंपराही थोर आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातला रानपिंगळ्याचा एक नमुना संग्रहालयातून लांबवला, त्यावर '१९१४, मांडवी' अशी चिठ्ठी लावली आणि तो आपणच गुजरातेत मिळवल्याचे भासवले. पुढची कित्येक वर्षे भल्या भल्या अभ्यासकांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून भलत्याच जागी शोध घेतला. रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखून बाजूला ठेवली, म्हणूनच त्या शहाद्याकडे वळल्या. तेव्हा ठिकाण खोटे टाकायचे असेल तर जुन्या थोरामोठ्यांचा आधार घेता येईल. आणि खरे टाकायचे असेल तर थेट अक्षांश-रेखांशासह टाकावे, म्हणजे पुढच्या रविवारी आणखी तीन चमूंना ढोली शोधण्याचे कष्ट पडणार नाहीत.

परतताना हिशेबाचा प्रश्न येतो. ज्याने पहाटे अंधारात केवळ आवाजावरून पक्षी कोणत्या झाडावर आहे ते सांगितले, दोनदा "साहेब, आवाज बंद करा, तो दमला" असे म्हटले आणि नाल्यात पडलेल्या सदस्याला हात देऊन वर काढले, त्या वाटाड्याचे मानधन ठरल्यापेक्षा शंभर रुपयांनी कमी करून पाहावे. आपल्या पाठीवरच्या लेन्सचा हप्ता अजून फिटायचा आहे, ही अडचण त्याला नीट समजावून सांगावी. पक्षी पानाआड बसला होता, पूर्ण उघड्यावर नव्हता, हेही सोबत नमूद करावे.