एका कार्डॅसियन कारकुनावरून

काल रात्री कट्ट्यावर चहा यायच्या आधीच मंदारने 'स्टार ट्रेक'मधल्या कार्डॅसियन या परग्रहवासी जमातीवरून सुरुवात केली. "कार्डॅसियन म्हणजे नाझीच रे. राखाडी कातडी, नागाच्या फण्यासारखी मान, कपाळावर चमचा दाबल्यासारखा खळगा. मेकअप चढवला की झाली दुष्ट जमात तयार!"

मला राहवेना. १९९१ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' या स्टार ट्रेक मालिकेत ते पहिल्यांदा दिसले तेव्हा हे म्हणणं एक वेळ चाललं असतं. पण १९९३ मध्ये एका अंतराळस्थानकावर घडणारी पुढची मालिका, 'डीप स्पेस नाईन', आली आणि पहिल्याच सीझनचा शेवटून दुसरा एपिसोड होता 'ड्युएट'.

"तोच ना, कोठडीतला?" नीलेशला आठवलं.

तोच. कार्डॅसियनांनी बाजोर हा ग्रह पन्नासेक वर्षं पायाखाली ठेवलेलं. तिथल्या गॅलिटेप छावणीतल्या खाणीत अपघात झाला, आणि त्या वेळी जे तिथे होते त्यांनाच एक आजार जडला. तसा एक रुग्ण स्टेशनवर येतो. तिथली बाजोरन अधिकारी मेजर किरा धावत जाते, कारण गॅलिटेप सोडवणाऱ्यांत ती स्वतः होती. कुणी आपलं माणूस वाचलं असेल असं तिला वाटतं. समोर असतो कार्डॅसियन. म्हणतो, मी साधा फायलिंग क्लार्क, नाव मॅरिट्झा. मग चौकशीत छाती काढून सांगतो की मीच छावणीचा प्रमुख डार्हील. हॅरिस युलिन या नटाने ती मग्रुरी अशी उभी केलीय की ऐकणाऱ्याचं रक्त उसळतं. आणि शेवटी कळतं, डार्हील सहा वर्षांपूर्वीच मेलाय. या कारकुनाने शस्त्रक्रिया करून त्याचा चेहरा घेतलाय. आपल्यावर खटला चालावा, म्हणजे कार्डॅसियाला गुन्हा कबूल करावा लागेल, एवढ्यासाठी.

"मग तो हीरो?" मुग्धा उसळली. "खाणीत मेले बाजोरन, आणि आपण रडायचं कारकुनासाठी? फायली नीट लागत होत्या म्हणूनच छावणी चालली ना?"

हा मुद्दा मला खोडता आला नाही, अजूनही येत नाही. एवढंच म्हणालो की तो माफी मागतच नाही, शिक्षा मागतो.

मंदार हट्टाला पेटला होता. "एक चांगला निघाला म्हणून बाकीचे सुटतात का?"

"सुटत नाहीत," नीलेश म्हणाला. "पण शेवट आठव. किरा त्याला सोडते. तो चालत निघालेला, गर्दीत एक बाजोरन त्याला भोसकतो. किरा विचारते, का? तो म्हणतो, कार्डॅसियन होता, एवढं कारण पुरे. ती म्हणते, नाही पुरत. अख्खा एपिसोड ती त्या भोसकणाऱ्यासारखाच विचार करत होती, मंद्या. तू आत्ता करतोयस तसा."

मंदार गप्प झाला. मुग्धा नाही झाली. ती त्या कबुलीच्या प्रसंगावरच अडून होती, जिथे मॅरिट्झा ढसाढसा रडत सांगतो की रोज रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून मी कान झाकून घ्यायचो.

"कान झाकले, म्हणजे ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "त्याचीच शिक्षा तो मागत होता."