दर तीन महिन्याला फुल डिटेलिंग? गाडीच्या पेंटला ते सोसणार नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आपल्या भागात लाल माती आणि पाऊस जास्त म्हणून गाडी दर तीन महिन्याला प्रोफेशनल डिटेलिंगला दिलीच पाहिजे, रबिंग-पॉलिश, सीट शॅम्पू, इंजिन वॉश सगळं, नाहीतर दोन वर्षात पेंट संपतो. शिवाय घरी धुतली की पेंट खराब होतो, सिरॅमिक (रंगावर मारायचं पातळ संरक्षक कोटिंग) मारलं की पाच वर्षं धुवायची गरज नाही, आणि हे सगळं करणाऱ्याला रिसेलला जास्त पैसे मिळतात. घरातल्या दोघातिघांनी मला तो पाठवला, एकानं तर अपॉइंटमेंट पण घेतली होती, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

पहिली गोष्ट रबिंगची, कारण खरं नुकसान तिथंच आहे. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतोय, क्लिअर कोट. चमक त्याचीच आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारा पण तोच. कंपनीतून येताना हा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतोय, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षा पातळ. मशीननं रबिंग करतात तेव्हा चरे भरून निघत नाहीत, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या पातळीला आणतात, म्हणून चरा दिसेनासा होतोय. जोरात कंपाऊंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारलं तर एका वेळी दोन-चार मायक्रॉन सहज जातात. आता हिशोब करा, दर वेळी तीन धरले तर वर्षाचे 12, तीन वर्षात 36, मग राहिलं काय? बॉनेटच्या कडा आणि दाराच्या धारा तर त्याआधीच जातात कारण तिथं थर मुळातच पातळ असतोय. एकदा क्लिअर कोट सुटायला लागला की तिथं पांढरे चट्टे येतात आणि मग पॉलिश करून उपयोग नाही, पॅनेल रंगवावंच लागतंय. म्हणजे पेंट वाचवायला म्हणून जे करा म्हणतायत त्यानंच पेंट संपतोय, आणि मला राग याचाच आहे की लोक मेहनतीचे पैसे देऊन आपल्याच गाडीचा थर काढून घेतायत.

रबिंग कधी करायचं मग? गाडी स्वच्छ धुऊन पुसून उन्हात तिरकी बघा, गोल गोल जाळीसारखे चरे डोळ्याला खुपायला लागले तर करा. नीट धुणाऱ्याच्या गाडीला दोन-तीन वर्षात एकदा पुरतं, कित्येकांना तेवढंही लागत नाही.

आता लाल माती आणि पावसाचं. हे खरं आहे की आपल्याकडं गाडीला त्रास जास्त. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन आलेली गाडी पावसाळ्यात बघा, खालून मडगार्डच्या आत चिखलाचे थर बसलेले असतात आणि तो चिखल आतून दिवसेंदिवस ओला राहतोय, गंज तिथं धरतोय. पण या त्रासाला बॉनेट घासून काय होणार? याला पाहिजे प्रेशरचं पाणी, चारही मडगार्डच्या आत आणि चेसिसखाली, आणि ते तीन महिन्यानं नाही, घाटातून चिखलात जाऊन आल्यावर त्याच आठवड्यात. साधं वॉशिंग सेंटर पुरतं की. अजून एक बघा, दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, दारात गेलेलं पाणी बाहेर पडायला. ती लाल मातीनं बुजतात, मग पाणी दारातच साचतंय आणि दार आतून सडतंय. प्लॅस्टिकच्या केबल टायचं टोक घालून ती मोकळी करायची, फुकटचं काम आहे. तसंच बेळगावात कॅम्पात किंवा टिळकवाडीत झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी वायपरच्या खालची जाळी बघा, पाला तिथं कुजतोय, पाण्याची वाट बंद होते आणि ते पाणी थेट आत पायाखालच्या कार्पेटात येतंय.

तीन महिन्याचा नियम म्हणूनच मला पटत नाही, कारण सगळ्या गाड्या एकसारख्या राहत नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, शेजारी रोज उभी राहणारी पांढरी गाडी घ्या, तिच्यावर लोखंडाचे बारीक कण बसतात आणि नंतर त्याचे तांबूस ठिपके दिसतात, ते शॅम्पूनं जात नाहीत, त्याला आयर्न रिमूव्हर लागतंय, जे मारल्यावर जांभळं होऊन खाली गळतंय, आणि मग क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. अशा गाडीला वर्षातून दोनदा ते करावं लागेल. तीच गाडी बंद गॅरेजमध्ये असली आणि रविवारीच बाहेर निघत असली तर वर्षातून एकदा पण पुष्कळ. ओळखायची पद्धत सोपी आहे, गाडी धुऊन झाल्यावर बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि बॉनेटवरून हळू फिरवा. गुळगुळीत लागलं तर काही करू नका, खरखर लागली तर क्ले लावायची वेळ झाली.

कॅलेंडरच पाहिजे असेल तर आपल्याकडचं कॅलेंडर पावसाचं आहे. मे संपायच्या आत गाडी स्वच्छ करून वॅक्स किंवा सिलंट (वॅक्ससारखाच, पण जास्त टिकणारा कृत्रिम थर), आणि दसऱ्याच्या सुमारास पाऊस गेला की खालून धुणं, आतून साफसफाई आणि परत एकदा वॅक्स. साधं वॅक्स महिना ते तीन महिने टिकतंय, सिलंट चार-सहा महिने, आणि दोन्ही हातानं घरी लावता येतात. खंडेनवमीला पूजा झाल्यावर बॉनेटवरचं कुंकू, लिंबाचा रस, नारळाचं पाणी हे मात्र त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं काढा, पांढऱ्या गाडीवर कुंकवाचा डाग उन्हात बसला की निघता निघत नाही. पक्ष्याच्या विष्ठेचं पण तेच, मे महिन्याच्या उन्हात एका दुपारीत ती क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते, तिथं तीन महिन्यानंतरच्या अपॉइंटमेंटचा काय उपयोग?

घरी धुतल्यानं पेंट खराब होतो म्हणे. घरी धुतल्यानं नाही होत, कोरडं फडकं मारल्यानं होतोय. सकाळी धूळ बसलेल्या गाडीवर सरळ कापड फिरवायचं ही आपली सवय, त्या धुळीत बारीक वाळू असते आणि प्रत्येक फटक्याला चरे पडतात. आधी पाण्यानं धूळ सोडवा, मग कार शॅम्पू, दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळून घ्यायला साधं पाणी, वरून खाली यायचं, चाकं वेगळ्या कापडानं. भांड्याचं लिक्विड नको, ते वॅक्स काढून टाकतंय. आणि बोअरच्या पाण्यानं धूत असाल तर उन्हात धुऊ नका, लगेच मायक्रोफायबरच्या मऊ कापडानं टिपून घ्या, कारण त्या पाण्यातला क्षार वाळला की पांढरे ठिपके बसतात आणि ते काढायला परत रबिंगवालाच गाठावा लागतो.

सिरॅमिकबद्दल एवढंच की ते चांगलं आहे पण जादू नाही. थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी घसरतंय, घाण लवकर सुटते, धुणं सोपं होतंय, पण धुवावं लागतंच. दगडाचा टवका, चावीचा चरा, काही थांबत नाही. सिरॅमिकवाले 9एच म्हणून जे सांगतात ती पेन्सिलनं ओरखडून थराचा कठीणपणा मोजायची पट्टी आहे, हिऱ्यासारखं कडक वगैरे अर्थ नाही त्याचा. आणि सिरॅमिक मारलेल्या गाडीला दर तीन महिन्याला कंपाऊंड मारलं तर सिरॅमिकच निघून जातंय, म्हणजे मेसेजमधले दोन मुद्दे एकमेकालाच खोटं पाडतायत.

सीट शॅम्पू आणि इंजिन वॉश दर वेळी, हे तर आपल्या हवेत करूच नका. जुलैमध्ये सीट भिजवली तर आतला फोम वाळत नाही, गाडी बंद, बाहेर सतत पाऊस, आठवड्यात कुबट वास आणि सीटबेल्टच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. पावसाळ्यात मॅट काढून घरात वाळवा, एसी चालू ठेवून काचा कोरड्या ठेवा, शॅम्पू दिवाळीच्या आसपास कडक ऊन पडल्यावर. लहान पोरं, कुत्रं, भाड्यानं चालणारी गाडी असली तर आतली सफाई जास्त वेळा लागेल, ते मान्य. इंजिनवर मात्र प्रेशर गन नको, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, वायरींचे कनेक्टर सगळे तिथंच आहेत. ओलसर कापड आणि ब्रश बास झालं.

रिसेल राहिला. जुनी गाडी घेणारा आधी सर्व्हिस रेकॉर्ड, अपघात, गंज आणि टायर बघतोय, मागच्या चार वर्षात किती वेळा पॉलिश केलं हे विचारत नाही. विकायच्या आधी एकदा चांगलं डिटेलिंग करा, फोटो चांगले येतात, गिऱ्हाईक लवकर मिळतंय.

आणि ज्यांना द्यायचीच आहे त्यांनी खुशाल द्या, चांगलं काम करणारी पोरं आपल्याकडं आहेत आणि त्यांचा हात खरंच बसलेला असतोय. फक्त रबिंग सुरू करायच्या आधी पेंटची जाडी मोजायचा मीटर लावून दाखवा म्हणा, बॉनेट, छत, चारही दारं, आकडे कागदावर लिहून घ्या आणि काम झाल्यावर परत मोजायला लावा. मीटर कशाला लागतोय असं म्हणाला तर नुसतं वॉश आणि वॅक्स करून घ्या, मशीन लावू देऊ नका.