आरव म्हणजे 'शांत'? नाही हो!

व्हॉट्सअपवर 'मॉडर्न संस्कृत नावं अर्थासकट' अशी यादी फिरतेय, आमच्याही ग्रुपवर दोनदा आली, त्यात आरव म्हणजे 'शांत' असं दिलंय. तर जरा खुलासा. संस्कृतमध्ये रव म्हणजे आवाज, आरव म्हणजेही आवाज, ओरडणं. पक्ष्यांचा कलरव, देवळातला घंटारव, त्यातला हा रव. शांत हवं असेल तर नीरव ठेवा ना, रव नाही तो नीरव. आणि आपल्याकडे पहाटे कोंबडा काय करतो? आरवतो! तोच हा आरव, बाळ रात्री दोनला उठवायला लागलं की अर्थ आपोआप कळतो.

त्याच यादीत रियांश म्हणजे 'सूर्याचा अंश' आहे, त्यातला अंश खरा पण रिया म्हणजे सूर्य कुठून आणला देव जाणे. विहान म्हणजे पहाट मात्र बरोबर आहे, भोजपुरीत बिहान म्हणतातच सकाळला.

नाव ठेवू नका असं अजिबात म्हणत नाहीये, आरव कानाला गोडच लागतं, छोटं, जोडाक्षर नाही, परदेशातही कोणाची जीभ अडखळत नाही, म्हणून तर आवडतं सगळ्यांना. फक्त बारशाच्या पत्रिकेवर 'अर्थ : शांत' छापू नका.