पाय दुमडणारे यंत्र आणि ‘दहा कामगारांचे काम’

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटी चित्रफीत फिरते आहे. तीत पुरुषांच्या बॉक्सर या अंतर्वस्त्राचा पाय दोन रुळांवर चढवला जातो, रूळ एकमेकांपासून दूर सरून कापड ताणतात, काठ आपोआप आत दुमडतो, सुईखालून एक फेरा होतो, दोरा कापला जातो आणि पुढचा पाय चढवायला रूळ मोकळे होतात. तिच्यासोबतच्या मजकुरात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: हे एक यंत्र दहा कामगारांचे काम करते, ते चुकत नाही, अशा यंत्रांमुळे तिरुपूर आणि ढाक्याचे कपडे शिवण्याचे काम काही वर्षांत अमेरिका-युरोपात परत जाईल, आणि म्हणून शिलाई कामगारांनी आता मजुरीवाढ मागण्यात अर्थ नाही. होजिअरीच्या उत्पादन विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि यातला शेवटचा मुद्दा ज्या बायकांच्या पोटावर येतो त्यांच्याशेजारी उभा राहून ते केले आहे. म्हणून सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

दहा कामगारांच्या दाव्याचा हिशेब आधी करून पाहू. बॉक्सरच्या पायाचा घेर साधारण 50 सेंटिमीटर धरला आणि सेंटिमीटरला 5 टाके धरले, तर एका पायाला 250 टाके पडतात. कारखान्यातले साधे फ्लॅटलॉक यंत्र (ताणल्या जाणाऱ्या कापडाचा काठ सपाट शिवणारे) मिनिटाला 5000 टाके घालू शकते, म्हणजे सुई प्रत्यक्षात फक्त तीन सेकंद चालते. कुशल कामगाराला एका पायाला पंधरा सेकंद लागतात असे धरले, तरी उरलेली बारा सेकंदे बंडलातून नग उचलणे, तो यंत्राच्या नळकांडीवर चढवणे, काठ दुमडून धरणे, दोरा तोडणे आणि नग पुढे ढकलणे यांत जातात. दहा जणांचे काम करायचे तर यंत्राला एक पाय दीड सेकंदात उरकावा लागेल, आणि त्याच टाक्याला, त्याच वेगाने, एकट्या सुईलाच तीन सेकंद हवीत. स्वयंचलित यंत्र जे वाचवते ते दुमडण्याचे, दोरा कापण्याचे आणि शेवटी थांबण्याचे काम. पाय रुळांवर चढवायला माणूस लागतोच. चित्रफितीतही कोपऱ्यात दोन हात दिसतात. एक कामगार अशी दोन यंत्रे सांभाळू शकतो, त्यामुळे उत्पादन दुपटीच्या आसपास जाते, आणि ही वाढ मुळीच क्षुल्लक नाही. परंतु संपूर्ण बॉक्सरला पाच मिनिटांचे काम असेल आणि दोन्ही पाय दुमडायला त्यातली तीस सेकंदे लागत असतील, तर तो वेळ निम्मा होऊनही एकूण बचत पाच टक्केच होते. पुढचा भाग जोडणे, गसेट (दोन पायांमधला कापडाचा तुकडा) लावणे, कमरेचे इलॅस्टिक जोडून ते समान ताणात बसवणे, लेबल, बारटॅक (ताण पडणाऱ्या जागी घालायचे दाट, पक्के टाके) ही कामे तशीच राहतात, आणि पाय भराभर दुमडले गेले तर गठ्ठे इलॅस्टिकच्या यंत्रापाशी तुंबतात.

‘यंत्र चुकत नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कापलेले सिंगल जर्सी (बनियन-टीशर्टचे साध्या विणीचे कापड) कधी हातात घेतले नसावे. या विणीचा आडवा कापलेला काठ सुलट बाजूकडे गुंडाळतो, आणि पाय तर उलट बाजूला दुमडायचा असतो. म्हणजे यंत्राला आधी ती गुंडाळी उलगडावी लागते, आणि त्यासाठी हवेचा झोत व पट्ट्या वापरतात. कापड कापण्यापूर्वी पुरेसे सैल पडू दिलेले नसेल किंवा त्यातले इलास्टेन (ताणला जाणारा धागा) कमी-जास्त असेल, तर एका लॉटला नीट लावलेली मापे पुढच्या लॉटला जुळत नाहीत. संवेदकावर (सेन्सरवर) कापसाचे बारीक तंतू साचले की काठ निसटतो आणि दुमड अर्धवट राहते. जिथे जोडाची शिवण येते तिथे थर वाढून टाका सुटतो. शिवाय हा साखळी जातीचा टाका आहे. तो कापडाबरोबर ताणला जातो म्हणूनच अंतर्वस्त्राला वापरतात, पण शेवटची टोके एकावर एक नीट चढली नाहीत तर तो टोकापासून उसवत जातो. माणसाच्या बोटाला ही चूक त्याच नगावर कळते. यंत्र मात्र तपासनीस येईपर्यंत तीच चूक शंभर नगांवर करू शकते.

काम परत जाण्याच्या भाकिताला थोडक्यात उत्तर पुरे आहे. अदिदासने जर्मनीतील आन्सबाख आणि अमेरिकेतील अटलांटा येथे बुटांसाठी मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित कारखाने काढले होते, आणि ते बंद करत असल्याचे 2019 मध्ये जाहीर केले. बूट तर काहीसा ताठ असतो. बनियनचे कापड हातातून ओघळते. एका अमेरिकी संशोधकाने 2016 मध्ये यंत्रमानवाकडून टी-शर्ट शिवून दाखवला, तोही कापड आधी पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याने ताठ करून.

मजुरीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात सत्याचा एक अंश घेऊन त्याचा धाक केला आहे. नोकऱ्या जातात हे मी नाकारत नाही. बांगलादेशातील स्वेटर कारखान्यांत स्वयंचलित विणकाम यंत्रे आली आणि हाताने यंत्र चालवणारे विणकर बाहेर पडले. आपल्याकडेही यंत्र स्वतःच दोरा कापू लागल्यावर कात्री घेऊन बसणाऱ्या हेल्पर बायकांची गरज घटली. परंतु या चित्रफितीतल्या यंत्रासमोर बसणाऱ्या बाईचे काम संपत नाही, ते अधिक दाट होते: पूर्वी ती एका पाळीत जितके पाय दुमडत असे त्याच्या दुप्पट पाय ती आता चढवते, काठावर नजर ठेवते, दोरे ओवते आणि साचलेले तंतू झाडते. यंत्र बसवल्यानंतर प्रत्येक नगाचा दर निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मी पाहिला आहे. तो मान्य झाला असता तर दुप्पट नग काढूनही पगार तेवढाच राहिला असता. त्या वेळी तिथल्या कामगार बायकांनी दर ठरवण्यापूर्वी घड्याळ लावून पूर्ण पाळीचे मोजमाप करण्याची मागणी केली, ज्यात दोरा बदलण्याचा, यंत्र अडकण्याचा आणि लॉट बदलल्यावर मापे पुन्हा लावण्याचा वेळही धरला जाईल. ते मोजमाप झाले, आणि दर उतरला तो निम्म्याने नव्हे, एक पंचमांशाने.