डॅशबोर्ड हिरवा करायचा शॉर्टकट

तर भिया, तुमच्या कंपनीनी शेवटी कोडमधल्या त्रुटी शोधणारा सिक्युरिटी स्कॅनर घेतला, अभिनंदन. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर ऑफिस, खाली पोहे-जलेबीचा ठेला, वर काचेच्या केबिनमध्ये टीव्हीवर डॅशबोर्ड, अजून काय पाहिजे माणसाला. आता पहिल्याच रनला तो अठराशे व्हल्नरेबिलिटी, म्हणजे हॅकरला आत शिरायच्या फटी, दाखवेल, स्क्रीन लालेलाल होईल, पण घाबरायचं नाही, आणि मुख्य म्हणजे यादी उघडायची नाही. उघडली की वाचावी लागते, वाचली की थोडंफार समजतं, आणि एकदा समजलं की मग "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय गेली.

पहिलं काम फिल्टर. प्रत्येक बगला शून्य ते दहा असा सीव्हीएसएस, म्हणजे धोका किती मोठा याचा, स्कोअर असतो, नऊ आणि वरचं म्हणजे क्रिटिकल. "फक्त क्रिटिकल दाखव" करा, अठराशेचे चाळीस होतात, एक ओळ कोड न लिहिता. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतं, ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवाला डबा परत करतो, पण तुमच्या रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या कोठाराच्या, दारात कोणी गाडीवाला येणार नाहीये, तेव्हा उरलेल्या चाळिसांवर "फॉल्स पॉझिटिव्ह", म्हणजे खोटा अलार्म, असा शिक्का ठोका आणि मोकळे व्हा. कारणाचा रकाना मात्र रिकामा सोडू नका हं, तिथे "चेक केलं" लिहायचं. कोणी केलं, काय केलं, हे कोणी विचारत नाही.

तरी एखादी वॉर्निंग हटत नसेल तर जिच्यावर वॉर्निंग येतेय ती ओळच उडवा. लाजू नका, मोठ्या घरची परंपरा आहे ही. २००६ मध्ये डेबियन या लिनक्समधल्या ओपनएसएसएल नावाच्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर व्हॅलग्राइंड नावाचं मेमरीच्या चुका शोधणारं टूल कुरकुर करायचं की इनिशियलाइझ न केलेली, म्हणजे आधी काही न भरलेली, मेमरी वापरताय, तर तिथल्या माणसानी दोन ओळी कमेंट करून बंद केल्या, कुरकुर बंद. बरं, बिचाऱ्यानी आधी ओपनएसएसएलवाल्यांना विचारलं पण होतं, म्हणजे तुमच्यामाझ्यापेक्षा दोन पावलं पुढेच. त्यातल्याच एका ओळीतून रँडम नंबरला त्याचा रँडमपणा मिळत होता हे जगाला कळलं मे २००८ मध्ये. तोवर एन्क्रिप्शनच्या चाव्या बनत होत्या नुसत्या प्रोसेस आयडीच्या (चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या नंबरच्या) भरवशावर, म्हणजे एका साइजच्या, एका प्रकारच्या मशीनवर फार तर ३२,७६८, कोणीही निवांत बसून सगळ्या बनवून ठेवाव्यात. पण टूल गप्प होतं की नाही? दीड वर्षाच्या वर गप्प होतं.

आता तर आपोआप दुरुस्ती करणारं ऑटोफिक्स आलंय, त्यामुळे ओळ पण स्वतः उडवावी लागत नाही. बॉट रात्री पीआर, म्हणजे कोड बदलायचा प्रस्ताव, टाकतो, सकाळी पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता मोबाइलवरून अप्रूव्ह करायचा. टेस्ट फेल झाली तर टेस्टच जुनी असणार, काढा. जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट असेल तर बाहेरून घेतलेली पॅकेजेस दुरुस्त करणारी एनपीएम ऑडिट फिक्स ही कमांड चालवा, नाही ऐकलं तर फोर्स लावा, मग एखादं मेजर व्हर्जन बदलतं आणि पेमेंटचं पेज बसतं, पण बसलेलं पेज कोणी हॅक करू शकत नाही हे पण लक्षात घ्या ना. मॅनेजर चिडला तर डार्पाचं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या स्पर्धेचं सांगा. ऑगस्ट २०२५, लास व्हेगास, ४० लाख डॉलरचं पहिलं बक्षीस, फायनलमध्ये एआय सिस्टिम्सनी मुद्दाम पेरलेले ५४ बग शोधले आणि ४३ दुरुस्त केले. तिथे ११ राहतात तर आपलं काय घेऊन बसलात! (तिथल्या टीम्सनी पॅच टाकल्यावर प्रोग्राम चालतो का, बग खरंच गेला का, हे तपासायची व्यवस्था पण बांधली होती, पण हे तुम्ही आपण होऊन सांगायची गरज नाही.)

समजा भंवरकुआंच्या एखाद्या कोचिंगचं पोर्टल तुमच्याकडे आहे आणि यूआरएलमधला रोल नंबर बदलला की दुसऱ्याच्या पोराचे मार्क, थकलेली फी, वडलांचा मोबाइल नंबर सगळं उघडं पडतंय, तर बिनधास्त राहा, स्कॅनर बहुतेक एक शब्द बोलणार नाही. कोड तर ठीकच आहे, कोणी कोणाचं काय बघायचं हे त्याला सांगितलंय कोणी? वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांमध्ये हाच प्रकार पहिल्या नंबरवर आहे, पण याद्या उघडायच्या नाहीत असं आपलं ठरलंय.

आणि एखाद्या शहाण्यानी मीटिंगमध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करायच्या टूलचं काढलंच, की मार्च २०२४ मधलं त्यातलं ते बॅकडोर, म्हणजे लपवलेलं चोरदार, कुठल्या स्कॅनरनी नाही तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनी पकडलं, एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो खोदत बसला आणि त्याला काही आठवड्यांपूर्वीची व्हॅलग्राइंडची एक विचित्र तक्रार पण आठवली, तर त्याला चहा पाजा आणि शांतपणे सांगा, की दादा, आपल्याकडे लॉगिनलाच नऊ सेकंद लागतात, त्यात अर्धा कोण मोजतंय, आणि व्हॅलग्राइंडची कटकट तर आम्ही मागच्या दिवाळीतच बंद केली.